आंबेकोंडचं लोकमत

हेदवीहून वेळणेश्वराकडे जाणारी पायवाट कातळाचा सडा ओलांडून खाली उतरते, तिथे एका खोलगट जागेत आंबेकोंड वसलं होतं. सात वाड्या, एकशे अठ्ठावीस घरं आणि मध्ये एक कौलारू शाळा. शाळेत भागोजी धाकू पाष्टे हे एकटे मास्तर. दुसऱ्या मास्तरांची जागा कागदावर मंजूर होती, पण माणूस येत नसे, आणि आला तरी एका पावसाळ्यापलीकडे टिकत नसे. त्यामुळे बालवर्गापासून सहावीपर्यंतची सगळी पोरं भागोजी एकाच खोलीत सांभाळत. एका कोपऱ्यात पाढे, दुसऱ्यात धडा, तिसऱ्यात त्रैराशिक. शिवाय गावचं पोस्टही त्यांच्याचकडे. दुपारी टपालाची पिशवी आली की मुंबईला असलेल्या चाकरमान्यांच्या बायका त्यांच्या पडवीत येऊन बसायच्या. पत्र वाचून दाखवायचं मास्तरांनी, उत्तर लिहायचं तेही त्यांनीच.

माणूस उंच आणि किडकिडीत. हिवताप वर्षातून दोनदा तरी धरायचा, आणि सोडून गेला तरी अंगात काहीतरी मागे ठेवून जायचा. पस्तिशीतच त्यांचे खांदे उतरले होते. मुलांवर ते कधी ओरडत नसत. लोक म्हणत, मास्तर शांत आहेत. त्यांची बायको गंगा म्हणे, "शांत कसले, दमलेले हायत."

भागोजी आंबेकोंडच्याच कुणब्याचा मुलगा. चौदाव्या वर्षी इंग्रजी शिकायला म्हणून तो चिपळूणला गेला होता. गावातून असा जाणारा तो पहिलाच. शाळेत नाव घालायला अडचण पडली नाही. अडचण पडली ती जेवणाची. वर्गातली गरीब बामणांची मुलं आठवड्याचे वार लावून सात घरी जेवत. कुणब्याच्या पोराला वार कोण देणार? एका भुसारी दुकानदारानं गोणींच्या खोलीत झोपायला जागा दिली. तिथे मागच्या दाराशी तीन दगड मांडून तो भात शिजवायचा, आणि भात शिजेपर्यंत शाळेची घंटा झालेली असायची. सात महिने त्यानं काढले. आठव्या महिन्यात तापानं फणफणला तेव्हा थोरला भाऊ बाबू येऊन त्याला मचव्यात घालून घेऊन गेला. पुढे मराठी सातवीची फायनल त्यानं दिली, पास झाला आणि मास्तर झाला. इंग्रजी तिथेच राहिलं. त्याबद्दल भागोजी कुणाजवळ बोलत नसत.

एकोणतीस सालच्या जानेवारीत टपालाच्या पिशवीतून त्यांच्याच नावाचं एक जाड पाकीट आलं. वरच्या कचेरीला गावोगावचं लोकमत अजमावायचं होतं. शिक्षण सक्तीचं करावं का, शाळा सातवीपर्यंत वाढवावी का, जोडीला इंग्रजीचा वर्ग हवा का, आणि त्यासाठी शिक्षणपट्टी द्यायची तयारी आहे का. सगळ्याचं मिळून एकच उत्तर, हो किंवा नाही. खाली बारीक टाइपात सूचना होती: घरातील कर्त्या पुरुषाचे मत घ्यावे, तो गावी हजर नसल्यास रकाना कोरा ठेवावा.

भागोजींनी कागद तीनदा वाचला. गंगा चुलीपुढे होती. "आज काय मोठंसं आलंय?" तिनं विचारलं.

"गावाला विचारायला सांगितलंय. शाळा पाहिजे काय म्हणून."

"आत्ता? इतक्या वर्सांनी?"

"इतक्या वर्सांनी," भागोजी म्हणाले. त्यांच्या आवाजात त्या दिवशी थोडी उमेद होती. गंगानं ती ओळखली.

रोज शाळा सुटली की ते कागद काखोटीला मारून निघत. भात झोडून झालं होतं, माणसं घरी सापडत होती. पहिल्याच दिवशी ते वडिलांच्या घरी, म्हणजे बाबूकडे गेले. बाबू गडग्याचे निसटलेले दगड परत रचत होता. भागोजींनी प्रश्न वाचून दाखवले. बाबूनं हातातला जांभा दगड नीट बसवला, मग सावकाश म्हणाला, "नाय लिव."

"दादा, मी आहे म्हणून नको सांगू. पण विचार तर कर."

"तू हायस म्हनूनच सांगतोय. तू शिकलास, काय झालं? नांगर तुला धरवत नाय. अण्णा खोताच्या ओटीवर अजून तू खालच्या पायरीलाच बसतोस. हिकडचा नाय, तिकडचा नाय. बापानं तुझ्यापायी एक बैल इकला, मी त्याच्या जागी जू वढलं. माज्या पोरांस्नी ह्यातलं काय नको." तो रागानं बोलत नव्हता. "लिव, भागू. माजं नाव घालून लिव."

भागोजींनी लिहिलं. पहिल्याच ओळीत, सख्ख्या भावाच्या नावापुढे, नाही.

त्यानंतरची घरं तशीच गेली. रामा धनावडे म्हणाला, पोरं शाळेत गेली तर गुरांमागे कोण जाणार? शिवा नावाचा म्हातारा म्हणाला, "साळा वाईट नाय, मास्तर. पण साळंतनं आलेला पोर चिखलात पाय घालताना बोटं वर उचलतो. मी बघितलंय." एकानं तर सरळ विचारलं, तुमाला काय पायजे ते सांगा, तेच लिवा. भागोजी म्हणाले, मला काय पाहिजे ते विचारलेलं नाही, तुझं मत सांग. तो बराच वेळ डोकं खाजवत बसला आणि म्हणाला, "मंग नकोच लिवा. नको म्हटल्यावर पुढं काय निस्तरावं लागत नाय."

खोत गोपाळकृष्णपंत बापट, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांच्याकडे भागोजी एका सकाळी गेले. अण्णा वाईट माणूस नव्हते. भागोजी मास्तर झाल्यापासून त्यांची एक पंचाईत झाली होती. कुणब्याच्या मुलाला अहोजाहो करणं जिभेवर येत नसे आणि मास्तराला अरेतुरे बरं दिसत नसे. म्हणून ते वाक्यच असं करत, की दोन्ही टळावं.

"यावं, यावं. काय काम काढलंन?"

भागोजी नेहमीच्या पायरीवर बसले आणि कागद वाचून दाखवला.

"हो लिहावं," अण्णा लगेच म्हणाले. "इंग्रजीचा वर्ग तर हवाच. आमच्या नातवाला उद्या रत्नागिरीस ठेवायचा म्हणजे बिऱ्हाड करावं लागेल. इथं दोन यत्ता झाल्या तरी तेवढंच."

ही गोष्ट संध्याकाळपर्यंत साती वाड्यांत पोचली. दुसऱ्या दिवसापासून भागोजींना प्रत्येक अंगणात पहिला प्रश्न हाच आला: अण्णांनी काय सांगितलंन? भागोजी खोटं बोलत नसत. हो म्हणाले, असं ते सांगत. मग समोरचा म्हणे, "म्हंजे पट्टी आमची नि वर्ग त्यांच्या नातवाचा. नाय लिवा." भागोजी समजावायला जात, तुझाही मुलगा बसेल की त्या वर्गात. आणि बोलता बोलता त्यांचाच आवाज खाली येई. चौथीनंतर आंबेकोंडातला कुठला कुणब्याचा मुलगा राहत होता शाळेत? बाराव्या वर्षी गोधडी गुंडाळून तो मुंबईच्या आगबोटीत बसत होता. तेव्हा समोरच्याचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं, असं भागोजींना म्हणता येईना.

केरू डिंगणकराच्या घरी ते सातव्या दिवशी पोचले. केरू परळच्या गिरणीत होता, तीन वर्षं गावी आला नव्हता. त्याची बायको तुळसा अंगणात नाचणी पाखडत होती. तिची मुलगी मालन तिसरीत शिकत होती. नऊ वर्षांची, बोलायला कमी, आणि हिशेबात अशी पक्की की भागोजी कधीकधी फळ्यावर मुद्दाम चूक करून तिच्याकडे बघत. ती हात वर करत नसे, नुसती अस्वस्थ होई.

"केरू नाही, तेव्हा रकाना कोरा ठेवतो," भागोजी म्हणाले.

तुळसानं सूप खाली ठेवलं. "नांगर कोन धरतो हितं? मी. लावनी, कापनी, खोताचा खंड कोन घालतो? मी. मंग कर्ता कोन?"

"कागदात पुरुष म्हटलंय, वैनी."

"माजं लिवू नका, पन ऐका तरी. साळा पायजे. लावनीच्या महिन्यात बंद ठेवा, एवढंच. पोर मला आठवडाभर लागतेच."

भागोजींनी ते आपल्या वहीत टिपून घेतलं. कागदावर मात्र रकाना कोराच राहिला.

अकरा दिवसांनी बेरीज झाली. सत्तेचाळीस नाही, वीस हो, आणि एकसष्ट कोरे. एकसष्ट घरांचे पुरुष मुंबईत होते. भागोजी कागद समोर घेऊन पडवीत बसून राहिले.

गंगा म्हणाली, "तुमीच लिवनार, वाचनार कोन ते तिकडं लांब. हो लिवा नि मोकळं व्हा."

"दादाच्या नावापुढं हो लिहू?"

"त्याला काय वाचायला येतंय?"

"म्हणून तर लिहवत नाही," भागोजी म्हणाले.

कागद आहे तसा त्यांनी पाठवून दिला. पण ते कोरे एकसष्ट रकाने डोक्यातून जाईनात. पुढचा महिनाभर पत्र लिहून घ्यायला जी बाई येई, तिला ते विचारत, शाळेबद्दल घरधन्याचं मत विचारू काय? कुणी हसे, कुणी म्हणे लिवा की. मजकूर ते एकच लिहीत आणि आपलं मत त्यात घालत नसत. उत्तरं शिमग्यापर्यंत येत राहिली. काही पोस्टकार्डांवर, काही शिमग्याला आलेल्या माणसांच्या तोंडून. तोंडी मतं भागोजींनी त्या माणसांसमोरच लिहून अंगठे घेतले.

केरूचं कार्ड मुंबईत कुणीतरी लिहून दिलेलं होतं. "मास्तर, साळा पायजे. गेल्या सालच्या संपात कुणीतरी कागद पुढं केलान नि मी अंगठा उठवला. कशावर उठवला ते मला अजून कळलेलं नाय. आमच्या खात्यात वाचता येणारा एकच आहे, तो चार आणे घेतल्याशिवाय पाटी वाचून सांगत नाय. पट्टी बसली तर बसू दे. हो लिवावे."

अशी चव्वेचाळीस मतं जमली. अडतीस हो आणि सहा नाही. भागोजींनी पुन्हा बेरीज केली. आता अठ्ठावन्न हो होते आणि त्रेपन्न नाही. त्यांनी ती पुन्हा उलटी तपासली. मग शाळेला दोन दिवसांची सुट्टी देऊन ते पहाटे निघाले, गुहागरावरून वेलदूर गाठलं, आणि भरतीच्या पाण्याबरोबर मचव्यानं गोवळकोटच्या धक्क्याला उतरून चिपळूणला गेले.

कचेरीतला कारकून पन्नाशीचा, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेला. त्यानं भागोजींना बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि गठ्ठा सोडून सगळी कार्डं एकेक करून वाचली. अर्धा तास तरी लागला असेल.

"मास्तर," तो म्हणाला, "फार मेहनत केलीत. पण चौकशी माघातच संपली. आणि ती संपली नसती तरी हे घेता आलं नसतं. नमुन्यात नाही ते लोकमत म्हणून धरता येत नाही."

"ही त्याच गावची माणसं आहेत. घरं त्यांची आहेत."

"हो, पण हजर नाहीत." त्यानं गठ्ठा पुन्हा नीट बांधून दिला. "माझ्या हातात असतं तर ठेवून घेतला असता."

भागोजींना त्याचा राग आला नाही. राग येण्यासारखं काही असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना परतताना मचव्यात वाटलं. ओहोटी लागायला उशीर होता, तांडेल झोपला होता. गठ्ठा मांडीवर घेऊन ते तसेच बसून राहिले.

तीन वर्षं काहीच झालं नाही. मग मंदी आली, सरकारनं सगळीकडे हात आखडता घेतला, आणि बत्तीसच्या पावसाळ्याआधी हुकूम आला: आंबेकोंड येथे लोकमत विशेष अनुकूल नसल्याने चौथीवरील वर्ग बंद करण्यात येत आहेत. दुसऱ्या मास्तरांची रिकामीच राहिलेली जागाही त्याच कागदानं रद्द झाली.

चौथीच्या वर सात मुलं होती. त्यातली चार मुंबईला गेली. अण्णांनी आपला नातू केव्हाच रत्नागिरीला ठेवला होता. तो पुढे मॅट्रिक होऊन सांगलीच्या कॉलेजात गेला. अण्णा वाटेत भेटले तेव्हा म्हणाले, "गावच्याच लोकांनी नको म्हटलंन. आम्ही काय करणार?" त्यात टोचणी नव्हती. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, पण त्यांचं अडलंही नव्हतं.

उरलेल्या तिघांना भागोजी आपल्या पडवीत शिकवायला लागले. सकाळी सूर्य सड्यावर यायच्या आत दीड तास. त्या तिघांत मालन एकटी मुलगी. ती गोठा आटपून यायची, हाताला शेणाचा वास असायचा आणि पाटी स्वच्छ असायची. हा वर्ग कुणी सांगितला नव्हता, त्याचा पगार नव्हता, शेऱ्याच्या वहीत त्याची नोंद नव्हती. पुढच्या वर्षी तिघांचे पाच झाले, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तीन. भागोजी दर जूनमध्ये वर अर्ज करत, वरचे वर्ग पुन्हा सुरू व्हावेत. दर सप्टेंबरात नुसती पोच येई.

बाबू शेतावर जाताना पडवीवरून जायचा. एकदा थांबून म्हणाला, "फुकट शिकवतोस. म्हंजे शिकून शाना झालास असं पन नाय."

"नाही झालो, दादा," भागोजी म्हणाले आणि पुढचं उदाहरण घातलं.

पण थकवा आता लपत नव्हता. सकाळचा वर्ग, मग शाळा, मग टपाल, मग पत्रं. दुपारी मुलांना कित्ता गिरवायला देऊन ते खुर्चीत डोळे मिटत आणि कानानं वर्ग ऐकत. कधी त्यांना वाटे, त्या सत्तेचाळीस माणसांचंच बरोबर असेल. कुणासाठी चाललं होतं हे? फायनल झालेल्या मुलाला पुढे चिपळूण किंवा रत्नागिरी गाठायला हवी होती, तिथे राहायला कुणीतरी हवं होतं. कॉलेज म्हणजे तर मुंबई, पुणं, सांगली. आंबेकोंडापासून ही गावं नकाशावर वीतभर दूर होती. मुलांना ते नकाशा शिकवत, आणि ती वीतभर वाट कशी चालायची ते त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं.

मालन छत्तीस साली बाहेरून फायनलला बसली. भागोजी आणि तुळसा तिला घेऊन चिपळूणला गेले. ती भूगोलात नापास झाली. मुंबई इलाख्यातले जिल्हे तिनं पाठ केले होते, पण नदी म्हणून तिनं वाशिष्ठीखेरीज एकही बघितली नव्हती, आणि नद्यांच्या उपनद्यांत ती अडकली. पोरीचं वय सोळा, लगीन कधी करणार, असं वाडीत उघड बोललं जाऊ लागलं. तुळसा रोज ऐकून घ्यायची. एक दिवस ती भागोजींकडे येऊन म्हणाली, "अजून एकदा बसू दे तिला. लोकांचं मी बघते."

सदतीसच्या जूनमध्ये मालन पास झाली. आंबेकोंडातली फायनल झालेली पहिली मुलगी. त्याच टपालात भागोजींनी मागवलेलं पुण्याच्या शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजचं माहितीपत्रकही आलं. दोन वर्षांचा अभ्यास, राहण्याजेवणाची सोय तिथेच, वर थोडी शिष्यवृत्ती. हे वाचून भागोजी उठले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. राहण्याजेवणाची सोय तिथेच. तीन दगड मांडायला नकोत.

अर्जावर बापाची सही हवी होती. केरू गणपतीला आला. आता त्याच्या छातीत कापसाची धाप होती, चार पावलं चालून थांबायचा. आरती झाल्यावर तो, तुळसा आणि मालन भागोजींच्या पडवीत आले. भागोजींनी अर्ज पुढे ठेवला आणि सगळं समजावून सांगितलं. केरूनं ऐकून घेतलं.

"नाय, मास्तर," तो म्हणाला.

"केरू, शाळा पाहिजे असं तूच कळवलं होतंस."

"साळा पायजे म्हटलं होतं. पोरीला पुन्याला धाडा असं म्हटलं नव्हतं. दोन वरसं ती परक्या गावात, बामणांच्या नि कुनाकुनाच्या पोरींत. परत आल्यावर तिला कोन करून घेनार? तुमी घेनार जिम्मा?"

भागोजींना वाटलं, आतल्या पेटीतून ते कार्ड काढून दाखवावं. पण त्यांना उठवेना. केरूचं म्हणणं त्यात खोटं ठरणार नव्हतं. गावाला शाळा हवी असणं आणि आपल्या पोरीला आगबोटीत बसवणं, या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि दुसरी गोष्ट कुठल्याच कागदात कुणी विचारली नव्हती.

"मालनला विचारलंस?" त्यांनी शेवटी म्हटलं.

मालन खांबाला टेकून उभी होती. सगळे तिच्याकडे बघायला लागल्यावर ती म्हणाली, "मला जायचंय," आणि लगेच बापाची छाती खालीवर होताना बघून खाली बघू लागली.

तुळसा पुढे झाली. "मला कुनी इचारत नाय," ती केरूला म्हणाली. "मी आपनहून सांगते. तुमी सई करनार नसाल तर करू नका. पन तिचं लगीन पन मी इतक्यात करनार नाय. हेदवीच्या साळंत पोरींसाठी बाई पायजे असं मास्तर सांगत होते. जाईल-येईल. घरची भाकर खाईल. त्याला तरी हो म्हना."

केरूला खोकल्याची उबळ आली. गंगानं त्याला पाणी आणून दिलं. ते पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "हेदवीला जाऊ दे. लगीन ठरेपर्यंत."

पुण्याचा अर्ज भागोजींनी घडी करून आत नेला. ते परत आले तेव्हा मंडळी उठून गेली होती. गंगानं विचारलं, "काय झालं म्हनायचं हे? बरं का वाईट?"

"मला कळत नाही," भागोजी म्हणाले. "हातपाय गळून गेलेत. जरा पडतो."

ट्रेनिंग नसलेली, हंगामी, असा शेरा नेमणुकीच्या हुकमावर होता. तरी मालन हेदवीच्या शाळेत बाई झाली. रोज सकाळी सडा चढून जायची, संध्याकाळी उतरून यायची. पहिल्या महिन्यात हेदवीच्या दोन घरांनी कुणब्याची बाई म्हणून पोरी काढून घेतल्या. दिवाळीनंतर त्यातली एक परत आली. केरू माघात मुंबईला वारला. कार्ड आलं ते भागोजींनीच वाचून दाखवलं. सुतक फिटल्यावर लग्नाचा विषय तुळसानं कुणाला काढू दिला नाही, आणि पुण्याचा विषय मालननं स्वतः काढला नाही. आईला एकटी टाकून आता ती कुठे जाणार होती?

अडतीसच्या उन्हाळ्यात भागोजींना पुन्हा तापानं धरलं, आणि या खेपेला तो महिनाभर हटला नाही. उठले तेव्हा उभं राहून शिकवणं होईना. पडवीतला सकाळचा वर्ग बंद करावा असं गंगानं दोनदा सुचवलं, दोन्ही वेळा ते बघू म्हणाले. त्या वर्षी वर्गाला सहा मुलं होती, त्यातल्या दोन मुली. एक बाबूची नात. तिला कुणी पाठवलं हे भागोजींनी विचारलं नाही, आणि बाबूही त्याबद्दल बोलला नाही.

एका रविवारी सकाळी ते फळ्याशी उभे राहून व्याजाचं उदाहरण घालत होते. मध्येच आकडे धूसर झाले आणि ते भिंतीला हात लावून थांबले. अंगणाच्या फाटकाशी, बेड्यापाशी, मालन उभी होती. हेदवीची शाळा बंद, म्हणून ती सहज आली होती. ती आत आली, त्यांच्या हातातला खडू घेतला आणि म्हणाली, "बसा, मास्तर. मी घालते."

भागोजी खांबाला टेकून खाली बसले. मालननं उदाहरण पुसून पुन्हा पहिल्यापासून मांडलं. तिचा आवाज बारीक होता, पण शेवटच्या पोरापर्यंत पोचत होता. ती घाई करत नव्हती. एका मुलाला कळलं नाही तेव्हा तिनं तेच दुसऱ्या तऱ्हेनं सांगितलं, आंब्याच्या करंड्या घेऊन. भागोजी थोडा वेळ लक्ष देऊन ऐकत होते. मग त्यांची मान एका बाजूला कलली.

बाबूची नात कुजबुजली, "बाई, आजोबा निजले."

"निजू दे," मालन म्हणाली आणि आवाज थोडा खाली आणून पुढचं उदाहरण सांगायला लागली.